बोट गुडघ्याच्या मापाची घ्यावी : निवृत्तीनंतर ट्रेलरवरची छोटी केबिन-बोट निवडताना

आमची पहिली बोट २६ फुटांची होती. केबिनमध्ये ताठ उभं राहता यायचं, वेगळी बाथरूम होती, शॉवर होता, मायक्रोवेव्हसुद्धा होता. पहिल्या उन्हाळ्यात ती तीनदा पाण्यात गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदाच, आणि तीही गिऱ्हाइकाला दाखवायला. बाकी वेळ ती भाड्याच्या जागेत ताडपत्रीखाली उभी असायची आणि आम्ही दोघं दर शुक्रवारी न जाण्याचं कारण शोधायचो. वारा आहे, पाहुणे आहेत, तुळशीला पाणी कोण घालणार. खरं कारण एवढंच, की तिला ओढून न्यायची, उतरवायची आणि परत ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांच्या सांगाड्यावर, चढवायची धास्ती वाटायची.

आता २२ फुटांची आहे. मायक्रोवेव्ह नाही, शॉवर नाही. एप्रिल ते ऑक्टोबर महिन्यातून दोनदा तरी पाण्यात असते.

आम्ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिएटलजवळ राहतो. नवरा नागपूरचा, त्याच्या लेखी अंबाझरी तलाव म्हणजे मोठं पाणी. माझं आजोळ मालवण, त्यामुळे भरती-सुकती कानावरून गेलेली, पण होडीत बसण्यापलीकडे अनुभव नव्हता. इथे मंडळाच्या कार्यक्रमांत निवृत्तीला टेकलेली मंडळी हल्ली हटकून विचारतात, "बोट कुठली घ्यावी?" म्हणून एकदाच बैजवार लिहून काढते. उदाहरणं आमच्या पाण्यातली आहेत.

आधी नियम सांगते. दोघांपैकी ज्याचा गुडघा जास्त वाईट, त्याच्या मापाने बोट निवडायची. आमच्या घरात तो माझा, डावा.

पाणी कुठलं आणि रात्री किती

बोटी बघायला जाण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा : पुढची तीन वर्षं खरोखर कुठे जाणार, आणि सलग किती रात्री बोटीवर झोपणार. "कधीतरी अलास्काला" हे लिहायचं नाही.

आमचं उत्तर होतं सॅन वॉन बेटं. अॅनाकोर्टीसला बोट उतरवायची, रोझारियो सामुद्रधुनी ओलांडायची आणि सुशिया, जोन्स, स्टुअर्ट अशा बेटांच्या आडोशाला नांगर टाकायचा. दोन ते पाच रात्री. ही बेटं जवळजवळ आहेत, त्यामुळे दिवसाला २०-२५ मैल म्हणजे पुष्कळ झालं. पण दोन बेटांमधल्या पट्ट्यांत पाणी जोरात धावतं आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वान दे फुका सामुद्रधुनीतून पश्चिमेचा वारा सुटतो. वारा एका दिशेने आणि प्रवाह त्याच्या उलट असला की लाटा उंच नसतात, पण उभ्या आणि लागून येतात. कोकणात खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी जे होतं, तेच.

कुणाचं उत्तर वेगळं असेल. पूर्व वॉशिंग्टनमध्ये ग्रँड कूली धरणामागचा रूझवेल्ट जलाशय असेल, तर भरती नाही आणि ऊन भरपूर. तिथे बंद केबिनपेक्षा सावली महत्त्वाची. फ्लोरिडात उथळ पाणी आणि उकाडा. तिथे हीटरऐवजी हवा खेळती हवी. अमेरिकेच्या पूर्वेला 'ग्रेट लूप' नावाची सुमारे ६,००० मैलांची जलप्रदक्षिणा निवृत्त मंडळी करतात, काही जण ट्रेलरवरची बोट घेऊन तुकड्यातुकड्याने. तिला महिनोन्महिने बोटीवर राहावं लागतं, म्हणजे २५-२७ फूट आलेच. एकाच बोटीकडून हे सगळं मागितलं, की आमची पहिली बोट मिळते.

वजनाचा हिशेब माहितीपत्रकावर करू नका

सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. आम्हीही.

माहितीपत्रकात वजन छापलेलं असतं ते 'कोरडं'. त्यात बऱ्याचदा इंजिन नसतं, पेट्रोल नसतं, पाणी नसतं आणि तुमचा कुकर तर नसतोच. २२ फुटी बोटीचा हिशेब घालून दाखवते. छापील वजन २,३०० पौंड धरा. ९० अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचं, इंजिन ३६०. राखीव छोटं इंजिन १००. चाळीस गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंड धरले तर २४०. वीस गॅलन पिण्याचं पाणी, गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे १६६. दोन बॅटऱ्या ११०. नांगर, साखळी, दोर ६०. गाद्या, कपडे, भांडी, तांदूळ-डाळ, हत्यारं, औषधं ४००. आणि ट्रेलर स्वतः ९००. बेरीज ४,६३६ पौंड, म्हणजे जवळपास २,१०० किलो. छापलेल्या आकड्याच्या दुप्पट.

हाच हिशेब २५-२६ फुटी, डिझेल इंजिन आत असलेल्या बोटीला लावला की ९-१० हजार पौंडांवर जातो. त्यासाठी मोठा पिकअप लागतो. आम्ही घेतला. तो देशी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये मावत नसे, म्हणून किराणा आणायला वेगळी गाडी. म्हणजे बोटीपायी गाडी आणि गाडीपायी दुसरी गाडी.

गाडीची ओढण्याची क्षमता पुस्तकात दिलेली असते. तिच्या ७५-८० टक्क्यांवर थांबा. घाट चढताना गाडी तापते हे तर आहेच, पण खरी भीती उताराची. ट्रेलरच्या पुढच्या दांडीचं जे वजन गाडीच्या हुकावर येतं, ते एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के असावं. फार कमी असलं तर ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा डुलायला लागतो. सामान बोटीच्या मागच्या भागात कोंबलं की हेच होतं.

रुंदीचाही मामला आहे. इथल्या महामार्गांवर ८ फूट ६ इंचांपर्यंतची बोट विनापरवाना नेता येते. त्याहून रुंद असली की प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना. म्हणून ट्रेलरवरच्या झाडून सगळ्या मोठ्या बोटी नेमक्या याच रुंदीला येऊन थांबतात. रेंजर टग्ज कंपनीची आर-२५ घ्या किंवा सी-डोरी कंपनीची २५ फुटी. सी-डोरी २२ क्रूझर मात्र ७ फूट ८ इंच आहे. दहा इंच म्हणजे वीतभरच की, असं वाटेल. पावसात, ट्रकच्या शेजारून, दुरुस्तीसाठी अरुंद केलेल्या पुलावरून जाताना त्या वितीची किंमत कळते.

ब्रेकचं विसरू नका. वॉशिंग्टन राज्यात ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं सक्तीचं आहे. शेवटी, घेतल्यावर एकदा सगळं सामान भरून महामार्गावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर उभं करा. थोडेसे डॉलर जातात, भ्रमही जातो.

तळ सपाट की खोल

बोटीच्या तळाला जितका खोल 'व्ही' आकार, तितकी ती लाट कापते. पण तितकं पेट्रोल पिते आणि नांगरावर जास्त डुलते. तळ जितका सपाट, तितकी कमी इंजिनात पळते, उथळ पाण्यात जाते, नांगरावर शांत राहते. पण समोरून लाट आली की आपटते. सी-डोरीचा तळ या दुसऱ्या जातीचा. दोन फुटांच्या उभ्या लाटांत वेगाने नेली तर दात वाजतात. उपाय साधा : वेग कमी करा, पुढचं टोक थोडं खाली दाबून चालवा. किंवा सकाळी निघा. आम्ही निवृत्त आहोत, दुपारी चारला पोचलंच पाहिजे असं कुणीही सांगितलेलं नाही.

माझं मत : ज्यांना ऑफिस आहे, ज्यांना रविवारी संध्याकाळी परतायचंच आहे, त्यांनी खोल तळाची घ्यावी. ज्यांच्याकडे मंगळवार मोकळा आहे त्यांना सपाटाकडे झुकलेला तळ पुरतो, आणि तो हलका असतो.

वेगाचं एक लक्षात ठेवा. पाण्यावर चढून न पळणाऱ्या, टगसारख्या बोटी सहा-सात नॉट (ताशी सागरी मैल) चालतात. पेट्रोल कमी लागतं, डोकं शांत राहतं. पण डिसेप्शन पास या अरुंद सामुद्रधुनीत, पुलाखालून, भर जोराच्या वेळी पाणी आठ नॉटपर्यंत धावतं. तिथे सात नॉटची बोट इंजिन चालू ठेवून मागे जाईल. तेव्हा एक तर पाणी थबकण्याची वेळ पाहून जायचं, नाहीतर हाताशी १५ नॉटचा वेग हवा. आम्हाला दोन्ही हवं होतं.

इंजिन

ट्रेलरवरच्या छोट्या बोटीला आउटबोर्डच. मागे टांगलेलं असतं, केबिनची जागा खात नाही, वर उचललं की पाण्याबाहेर, गोड्या पाण्याने धुता येतं, बिघडलं तर मेकॅनिकला वाकून बोटीच्या पोटात शिरावं लागत नाही. डिझेल आत असण्याचे फायदे आहेत, पण ते लांब पल्ल्यांच्या आणि जड बोटींना.

शेजारी ८-१० अश्वशक्तीचं राखीव इंजिन हवं, आणि ते महिन्यातून एकदा चालवायला हवं. नाहीतर गरजेच्या दिवशी ते हमखास रुसतं. तेही चार-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळावं न लागणारं घ्या, म्हणजे मोठ्या टाकीतूनच पेट्रोल घेईल.

केबिन : विक्रेत्याच्या अंगणात दोन तास राहा

हा भाग बहुतेक जण दहा मिनिटांत उरकतात. चढतात, "वा" म्हणतात, गादीवर बसून बघतात, उतरतात. आमच्या ह्यांनी तर पहिल्या बोटीत फ्रीज उघडून "अरे बाप्पा!" म्हटलं आणि तिथेच सौदा झाला.

दुसऱ्या वेळी मी यादी करून गेले आणि विक्रेत्याला सांगितलं, आम्हाला दोन तास एकटं सोडा. तो हसला, पण सोडलं. काय केलं ते सांगते.

पहिलं, ट्रेलरवर असताना बोटीत चढले. ट्रेलरवरची बोट जमिनीपासून छातीइतकी उंच असते. घराच्या अंगणात तिची सगळी कामं याच उंचीवरून करायची असतात. शिडी नसेल तर ती कुठे बसवता येईल ते पाहिलं.

दुसरं, दोघं पुढच्या त्रिकोणी बिछान्यावर आडवे झालो. डोळे मिटले. मग मी आतल्या बाजूची, म्हणून रात्री बाथरूमला उठायचं नाटक केलं. नवऱ्याच्या अंगावरून, डाव्या गुडघ्यावर भार न देता, अंधारात. ज्या बोटीत हे जमत नाही ती आमची नव्हे. २२ फुटीत ते कसंबसं जमलं; मग असं ठरलं की मीच दाराच्या बाजूला झोपायचं.

तिसरं, संडास. छोट्या बोटीत वेगळी खोली नसते. पायरीखालून सरकवून काढायचा पेटीवजा संडास असतो. बायकांना हे सांगायची लाज वाटते आणि पुरुषांना सुचत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते : त्यावर बसून बघा. कपडे घालूनच, पण बसा आणि कशाचाही आधार न घेता उठा. जमत नसेल तर हाताला धरायला दांडा कुठे बसेल ते पाहा, किंवा वेगळी बाथरूम असलेल्या २३-२५ फुटी बोटीकडे वळा; ते पैसे आणि ते वजन सत्कारणी लागतील. आमच्या प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटललगतच्या समुद्राच्या खाडीत, २०१८ पासून संडासाचं पाणी, प्रक्रिया केलेलंसुद्धा, सोडायला मनाई आहे. भरलेली पेटी धक्क्यावरच्या ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. पाच गॅलनची पेटी भरली की चाळीस पौंडांवर जाते. ती उचलून बोटीच्या काठावरून धक्क्यावर कोण ठेवणार, हेही आजच ठरवा.

चौथं, कडेने पुढे जाणं. नांगर पुढे असतो. काही बोटींत काठावरच्या वीतभर पट्टीवरून, कठडा धरून जावं लागतं; काहींत केबिनच्या छताची झडप उघडून नुसतं डोकं-हात बाहेर काढता येतात. साठीनंतर दुसरा प्रकार. आमच्या बोटीत विजेवर चालणारं नांगराचं चाक आहे. ही चैन नाही; चैन होती ती मायक्रोवेव्हची.

पाचवं, स्वयंपाक. इथल्या पाण्यात जुलैतही पहाटे केबिनमध्ये गारठा असतो आणि दोन माणसांच्या श्वासाने खिडक्यांवरून अक्षरशः थेंब ओघळतात. त्यामुळे या भागात डिझेलवरची शेगडी लोकप्रिय आहे. झाकण खाली केलं की तिचाच हीटर होतो आणि धूर-वाफ बाहेर जाते. ती सावकाश तापते. प्रोपेन झटपट, पण हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळात साचून राहतो, म्हणून सिलिंडर बाहेर आणि गळती कळवणारी घंटी आत. कुठलीही शेगडी असो, कार्बन मोनॉक्साइडची घंटी हवीच. शेगडीच्या वर किंवा शेजारी उघडणारी खिडकी आहे का पाहा. मोहरीची फोडणी बंद केबिनमध्ये एकदा करून पाहिली. उशांना दोन दिवस हिंगाचा वास. तीन लिटरचा कुकर मात्र बोटीवरचं सर्वोत्तम भांडं. लाट आली तरी खिचडी सांडत नाही.

सहावं, पाण्यातून परत चढणं. आमच्याकडचं पाणी उन्हाळ्यातही साधारण दहा अंश सेल्सिअस. थंड पाण्यात पडलेल्यांसाठी एक-दहा-एक असं गणित शिकवतात : पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे बोटीत परत चढायला दहा मिनिटं. तेव्हा मागची शिडी पाण्यात असलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने खाली ओढता येते का, आणि तिच्या किती पायऱ्या पाण्याखाली जातात? दोन असतील तर माझ्यासारखीचा पाय पोचत नाही. तीन-चार हव्यात. आणि लाइफ जॅकेट केबिनमध्ये नाही, अंगात.

जुनी घेताना

नवी घेण्याच्या मी विरोधात नाही, पण पहिली बोट जुनी घ्या. आवडनिवड कळायला दोन हंगाम जातात.

विक्रेत्याकडे पोचल्याबरोबर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर त्याने ते आधीच सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं सुरू होतं हेच तर बघायचं असतं. विचारा, आणि थंड झाल्यावर परत या. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. सिलिंडरांचा दाब मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळे जवळजवळ सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. इंजिन वर उचलून हाताने हलवा आणि ज्या फळीवर ते टांगलंय तिच्याकडे बघा. फळी लवत असेल तर नमस्कार करून निघा.

मग ठोकून बघणं. अनेक फायबरग्लास बोटींच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो, सी-डोरीतही आहे. कुणी मासे शोधायचं यंत्र बसवताना भोक पाडून ते नीट बुजवलं नसेल तर पाणी आत मुरतं आणि लाकूड कुजतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने दर वीतभर अंतरावर ठोकत जा. निरोगी जागी टणटणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. माठ घेताना वाजवून बघतो तसंच. कठड्यांचे स्क्रू, झडपांच्या कडा आणि मागची फळी, इथे जास्त वेळ द्या.

बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष. तो कागदपत्रांशी जुळतो का पाहा. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही मागा.

एवढं करून पसंत पडली तरी पैसे देण्याआधी स्वतंत्र सर्वेक्षक बोलवा. सॅम्स किंवा नॅम्स या संस्थांचा सदस्य असलेला, आणि तुम्ही निवडलेला. विक्रेत्याने सुचवलेला नको. बोटीच्या फुटांवर फी घेतात. जुन्या बोटीला विमा कंपन्या बऱ्याचदा हा अहवाल मागतात. शेवटी पाण्यात फेरी. आरामात नव्हे, पूर्ण वेगाने दहा मिनिटं, मग वळणं, मग उलटं, मग सगळं बंद करून शांत उभी, कशी डुलते ते बघायला.

ट्रेलर, म्हणजे विसरलेला अर्धा

दुसरी बोट घेताना आम्ही बोट तीन तास तपासली आणि ट्रेलर तीन मिनिटं. विकणारा म्हणाला, चाकांना नुकतंच ग्रीस केलंय. घरी आणताना माउंट व्हर्ननजवळ महामार्गावर मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून, हाताने खूण करून सांगितलं. उतरून बघतो तर उजव्या चाकातून धूर. बेअरिंग जळलं होतं. चार तास रस्त्याच्या कडेला, डब्यातल्या थालीपिठांवर.

तेव्हा प्रत्येक चाक जॅकवर उचला, फिरवा, कान लावा. खरखर ऐकू येता कामा नये. हाताने वर-खाली हलवा. खेळ जाणवता कामा नये. टायरच्या बाजूला छापलेल्या संकेतांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही ताजी दिसो, बदला. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेलाच ट्रेलर घ्या, आणि दर फेरीनंतर ब्रेकवर गोडं पाणी मारा. लांबच्या प्रवासात दर पेट्रोल पंपावर चाकाच्या मध्यावर तळहात ठेवा. कोमट चालेल. हात मागे घ्यावा लागला तर चालणार नाही.

घेण्याआधी रॅम्पवर

एखाद्या रविवारी खुर्ची घेऊन रॅम्पजवळ, म्हणजे ट्रेलरवरची बोट पाण्यात उतरवायच्या उताराजवळ, बसा. तुमच्या वयाची, तुम्हाला हवी तेवढी बोट असलेली जोडपी किती वेळ घेतात, कोण काय करतं, कुठे भांडतात ते बघा. फुकटचं शिक्षण. ओहोटीला रॅम्पच्या खालच्या भागावर शेवाळ असतं, तिथे चप्पल घालून जाणारा माणूस पडतोच.

रिकामा ट्रेलर मागे नेण्याचा सराव शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये करा, आणि दोघांनीही करा. आमच्याकडे मी गाडी मागे घेते आणि नवरा दोर धरतो. रॅम्पवरचे पुरुष पहिल्यांदा त्याच्याकडे बघतात. बघू देत, माझा गुडघा गाडीत बसून दुखत नाही.

या राज्यात १५ अश्वशक्ती किंवा जास्तीची बोट चालवायला बोटिंगचं शिक्षण घेतल्याचं कार्ड लागतं. १ जानेवारी १९५५ पूर्वी जन्मलेल्यांना माफी आहे. आम्ही दोघंही नंतरचे, म्हणून परीक्षा दिली, आणि बरं झालं दिली. त्यात नसलेली एक गोष्ट : किलर व्हेल दिसली की कौतुकाने जवळ जायचं नाही. इथल्या रहिवासी ऑर्कांपासून जानेवारी २०२५ पासून १,००० यार्ड लांब राहणं बंधनकारक आहे. मोबाइलवर विसंबू नका, बेटांमागे सिग्नल जातो. बोटीबोटींत बोलायचा, बसवलेला व्हीएचएफ रेडिओ हवा, मदतीच्या हाकेचा चॅनल १६ कायम चालू.

नांगर आणि भरतीचं गणित

मालवणला आजोबा तिथीवरून भरती सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. इथे पहिल्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात हे वापरून पाहिलं आणि तोंडघशी पडले. प्युजेट साउंडमध्ये दिवसाला दोन भरत्या असतात खऱ्या, पण त्या सारख्या नसतात; एक मोठी, एक छोटी, आणि दोन ओहोट्यांमध्येही बराच फरक. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार, एवढं मात्र इथेही खरं. वेळा कोष्टकातूनच घ्याव्या लागतात.

आता याचा बोट निवडण्याशी काय संबंध? सुशिया बेटाच्या इको बेमध्ये संध्याकाळी ओहोटीला पोचलात असं समजा. खोलीमापक १२ फूट दाखवतोय. रात्री पाणी १० फूट चढणार. बोटीचा पुढचा काठ पाण्यापासून ३ फूट वर. बेरीज २५. नांगर धरून राहायला याच्या किमान पाचपट साखळी-दोर सोडायचा : १२५ फूट. वारा असेल तर सातपट : १७५. संध्याकाळच्या १२ फुटांवर हिशेब केला तर मध्यरात्री नांगर उचकटतो आणि जाग येते ती शेजारच्या बोटीवर आपटल्यावर.

म्हणून विक्रेत्याच्या अंगणात, त्या दोन तासांत, पुढची झडप उघडा आणि नांगराच्या कप्प्यात हात घाला. आम्ही पाहिलेल्या एका चकचकीत बोटीत जेमतेम ८० फूट दोर मावत होता, आणि त्याच्या शेजारीच वाइनच्या ग्लासांसाठी मखमल लावलेला खण होता. २०० फूट दोर आणि २५-३० फूट साखळी गुंता न होता बसली पाहिजे, आणि ती तुम्हाला बसल्या जागेवरून, गुडघा न टेकता, बाहेर काढता आली पाहिजे.